विश्लेषण : दारू, संमती आणि जनजागृती… फलक नेमका कोणासाठी लावायचा?

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघा. साधारण ३० किलोमीटरच्या या रस्त्यावर दर्शनाला चाललेली कुटुंबं असतात, अंजनेरी चढायला निघालेले ट्रेकर असतात आणि पहिने, दुगारवाडीच्या धबधब्यांकडे सुसाट सुटलेल्या तरुणांच्या गाड्याही असतात. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी आहेत, अधेमधे रिसॉर्ट आणि फार्महाउस आहेत. वीकेंडला नाकाबंदी लागते, डिकी उघडून पाहिली जाते. संदेश एकच : दारू पिऊन गाडी चालवू नका. तो योग्यच आहे. पण दारूच्या आडून होणारं नुकसान फक्त रस्त्यावर होत नाही. पार्टी संपल्यावर, खोलीचं दार बंद झाल्यावर काय, याबद्दल सांगणारा एकही फलक या रस्त्यावर माझ्या पाहण्यात आलेला नाही.

बाटलीवर काय लिहिलेलं असतं?

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार १ एप्रिल २०१९ पासून मद्याच्या प्रत्येक बाटलीवर वैधानिक इशारा बंधनकारक आहे. त्यात दोनच गोष्टी आहेत. मद्यपान आरोग्याला घातक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका. म्हणजे स्वतःच्या यकृताची काळजी आहे, रस्त्यावरच्या माणसाची आहे. शेजारी बसलेल्या व्यक्तीच्या संमतीबद्दल मात्र एक शब्दही नाही.

गाडीचा संदेश कोणाला असतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इथली महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा संदेश गाडी चालवणाऱ्याला आहे. पायी जाणाऱ्याला कोणी सांगत नाही की, ‘थर्टी फर्स्टला घराबाहेर पडू नका, लोक पिऊन गाडी चालवतात.’ ज्याच्या हातून नुकसान होऊ शकतं, त्यालाच आपण अडवतो.

लैंगिक अत्याचाराचा विषय निघाला की हेच उलटं होतं. मी इंजिनीअरिंगला होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या मुलींना वेगळ्या हॉलमध्ये बसवून तासभर सूचना दिल्या गेल्या. एकटीने जाऊ नका, पार्टीला जाऊ नका, कोणी दिलेलं काही पिऊ नका. आम्ही मुलं तोवर कँटीनमध्ये होतो. आम्हाला सांगण्यासारखं काही आहे, असं कोणाला वाटलंच नाही. चार वर्षांत ‘संमती’ हा शब्द मी कॉलेजात एकदाही ऐकला नाही.

परदेशातल्या मोहिमा काय सांगतात?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मद्य नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये जास्त पिण्याच्या धोक्यांवर मोहीम काढली. तिच्या एका जाहिरातीने अत्याचाराचा दोष पिणाऱ्या मुलीवर आणि तिच्या मैत्रिणींवर टाकल्याची टीका झाली आणि ती मागे घ्यावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी कॅनडातल्या एडमंटनमध्ये उलट दिशेची मोहीम सुरू झाली होती. तिचे फलक थेट तरुण पुरुषांना उद्देशून होते. ती ‘नाही’ म्हणत नाही याचा अर्थ ती ‘हो’ म्हणते असा होत नाही, असा त्यांचा आशय होता. २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या पोलिसांनीही पुरुषांनाच ‘तसा माणूस होऊ नकोस’ असं बजावणारी मोहीम चालवली.

आपला कायदा काय म्हणतो?

आपला कायदा या बाबतीत आपल्या फलकांच्या बराच पुढे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार, नशेमुळे स्त्रीला आपण कशाला होकार देतोय आणि त्याचे परिणाम काय, हेच समजत नसेल, तर तिचा ‘हो’ संमती ठरत नाही. दारू तिने स्वतःहून प्यायली की कोणी पाजली, याने फरक पडत नाही. संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीला शब्दांतून, हावभावांतून दिलेला स्पष्ट आणि स्वेच्छेचा होकार. तिने झटापट केली नाही, एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही. शिक्षा किमान १० वर्षं सक्तमजुरी. वय १८ पेक्षा कमी असेल, तर संमतीचा प्रश्नच येत नाही.

आणि तो स्वतः प्यायलेला असेल तर? स्वेच्छेने प्यायलेल्या माणसाला ‘मला काही कळत नव्हतं’ असं म्हणून सुटता येत नाही. शुद्धीत असताना जे कळलं असतं, ते कळत होतं असंच कलम २४ नुसार धरलं जातं.

म्हणजे कायद्याच्या लेखी तिची नशा हा होकार नाही आणि त्याची नशा ही सबब नाही. समाजाचा न्याय नेमका उलटा. तो प्यायलेला असेल तर ‘बिचारा शुद्धीत नव्हता’ आणि ती प्यायलेली असेल तर ‘ती कशाला प्यायली?’

हा कायदाही सहज मिळालेला नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात घडलेल्या मथुरा प्रकरणात, अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावरून सर्वोच्च न्यायालयाने संमती गृहीत धरली आणि आरोपी पोलीस सुटले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी न्यायालयाला जाहीर पत्र लिहिलं. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर १९८३ मध्ये कायदा बदलला. संमतीची आजची स्पष्ट व्याख्या यायला २०१३ उजाडावं लागलं.

किती प्यायल्यावर संमती संपते?

याला ३० मिलीग्रॅमसारखा आकडा नाही. एक ग्लास वाइन घेतली म्हणजे होकार आपोआप रद्द होतो, असंही कायदा म्हणत नाही. कसोटी समजण्याची आहे. माझ्यासारख्या आकड्यांत रमणाऱ्याला हे अवघड वाटतं, पण मोहिमेची गरज इथेच आहे. जे मशीन मोजू शकत नाही, ते माणसाला शिकवावं लागतं. तिचा तोल जातोय, बोलणं अडखळतंय, ती पेंगतेय, तर थांबा. शंका आली, तरी थांबा.

‘नको’ला आपण काय समजतो?

ब्रिटनमधल्या थेम्स व्हॅली पोलिसांनी २०१५ मध्ये चहाचं उदाहरण देऊन संमती समजावणारा व्हिडिओ वापरला. झोपलेल्या माणसाच्या तोंडात तुम्ही चहा ओतत नाही, असा त्याचा साधा मुद्दा. तो आपल्याकडे तसाच्या तसा चालेल का, याची मला शंका आहे. आपल्याकडे पंगतीत ‘नको’ म्हटलं की ताटात आणखी एक जिलेबी पडते. पार्टीत ‘नको’ म्हटलं की ‘माझी शपथ, एकच घे’ सुरू होतं. आग्रहाला आपण प्रेम समजतो आणि ‘नको’ला लाजणं. मराठीतली मोहीम या सवयीला हात घालणारी हवी. पहिला ‘नको’ ग्लासाला असतो. तो ऐकायची सवय लागली, तर पुढचाही ऐकू येईल.

सावध राहायला सांगण्यात चूक काय?

काहीच नाही. आई मुलीला सांगणारच. पण फक्त एवढंच सांगणं अपुरं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. अनोळखी माणसापासून जपून राहण्याचा सल्ला तिथे काय कामाचा? राज्यातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी ‘आडवी बाटली’ला मत देऊन दारू दुकानं बंद पाडली, तेव्हा धोका त्यांच्या घरातच होता. आजही प्रौढ पत्नीवरच्या जबरदस्तीला बलात्काराच्या व्याख्येतून सूट आहे. तिच्या हाती उरतो तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, ज्यात लैंगिक छळही मोडतो.

काय करता येईल?

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. त्यानिमित्त या रस्त्यावर शेकडो नवे फलक लागतील. त्यातले चार फलक पुरुषांना उद्देशून असू द्या. रिसॉर्ट आणि बारच्या कर्मचाऱ्यांना, शुद्ध हरपलेल्या मुलीला कोणी खोलीकडे नेत असेल तर काय विचारायचं, हे शिकवा. राज्यात दारू प्यायला परवाना लागतो आणि वर्षानुवर्षं एक दिवसाचा परवाना ५ रुपयांना मिळत आला आहे. त्या कागदाच्या मागची बाजू कोरी का ठेवायची? आणि कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मुलांनाही कँटीनमधून हॉलमध्ये बोलवा.

हे लक्षात ठेवा : तातडीची मदत ११२, महिला हेल्पलाइन १८१. अत्याचारपीडितेला कोणत्याही सरकारी किंवा खासगी रुग्णालयात तत्काळ मोफत उपचार मिळायलाच हवेत. नाकारणं हा गुन्हा आहे. पेयात काही मिसळल्याचा संशय असेल, तर रक्त-लघवीची तपासणी जितकी लवकर, तितकी चांगली.

नाकाबंदीवरचा पोलीस काच खाली करायला लावून चालवणाऱ्याला विचारतो, ‘किती घेतलीय?’ मागे बसलेल्यांना विचारत नाही. हा प्रश्न कोणाला विचारायचा, हे आपल्याला कळतं. रस्त्यावर कळतं, तेवढंच बंद दाराआडही कळायला हवं.