रघुवंशाचे तीन भाग

वाटण्या भांड्यांपासून सुरू होतात आणि भिंतीपाशी येऊन थांबतात. पुस्तकांची आठवण बहुधा अखेरच्या दिवशी होते. आमच्या भडगावच्या घरी तसेच झाले. आजोबांच्या मागे तिघे भाऊ विभक्त झाले, तेव्हा पंचांनी शिसवी कपाटातील पुस्तके मोजली आणि ती तिघांत सारखी लावून दिली. त्यांत कालिदासाचा रघुवंश तीन भागांत होता. तीन भाग आणि तीन भाऊ; पंचांस त्या दिवसभरात याहून सोपा हिशोब दुसरा मिळाला नसेल. पहिला भाग आमच्या वडिलांकडे राहिला, दुसरा मधल्या काकांबरोबर नाशकास गेला, तिसरा धाकट्या काकांच्या वाट्यास आला. या न्यायाविरुद्ध त्या वेळी कोणी अवाक्षर काढले नाही.

धाकटे काका वारल्यावर काकूंनी बिऱ्हाड आवरले आणि तिसरा भाग रद्दीत गेला. काकूंस दोष देणे योग्य होणार नाही. एका पुस्तकाचा तिसरा हिस्सा, पिवळी पाने, अर्धा मजकूर संस्कृत आणि अर्धा इंग्रजी. असली वस्तू कोण जपून ठेवणार? गेल्या पावसाळ्यात मात्र हा भाग कोठून तरी पुन्हा विकत मिळवावा असे आम्ही मनावर घेतले. त्या खटपटीत जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण जुन्या काव्यांच्या विद्वत्ताप्रचुर आवृत्त्या अशाच फुटक्या जोडांनी आणखी कित्येक माळ्यांवर पडल्या असाव्यात.

प्रथम घरातूनच विचारणा झाली की, नवा कोरा रघुवंश दुकानात मिळत असता हा जुन्याचा हव्यास कशासाठी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पानाच्या तळाशी आहे. हा रघुवंश मुंबई सरकारच्या 'बॉम्बे संस्कृत सीरिज' या मालेतला. ब्यूलर व कीलहॉर्न या दोघा जर्मन पंडितांच्या देखरेखीखाली ही माला निघाली, आणि रघुवंशाचे काम शंकर पांडुरंग पंडित यांच्याकडे आले. १८६९ ते १८७४ या काळात त्यांनी मल्लिनाथाच्या संजीविनी टीकेसह तो तीन भागांत प्रसिद्ध केला. निरनिराळ्या पोथ्या गोळा करून कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे हे त्यांनी नोंदविले, आणि आपण कशाच्या आधारावर उभे आहोत हे प्रस्तावनेत सांगितले. याच शंकर पांडुरंगांनी विष्णु परशुरामशास्त्री पंडितांबरोबर तुकोबांच्या अभंगांची गाथा १८६९ व १८७३ साली दोन भागांत छापली, आणि तीही देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील पोथ्या ताडून पाहून. कालिदास आणि तुकोबा या दोघांसही एकच कसोटी लावणारा हा गृहस्थ आमच्या आजोबांस फार पूज्य होता. आमच्याकडील पहिल्या भागाच्या समासात आजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यांतील बहुतेक खुणा मूळ श्लोकापाशी नाहीत, तळच्या पाठांतरांपाशी आहेत.

या पाठांतरांत एवढे काय आहे, असे वाटणाऱ्यांनी मेघदूताचा विचार करावा. आषाढाच्या कोणत्या दिवशी यक्षास मेघ दिसला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आषाढाचा पहिला दिवस, म्हणजे 'प्रथम', हा मल्लिनाथाचा पाठ. काश्मीरचा वल्लभदेव मल्लिनाथाच्या कित्येक शतके आधीचा. तो 'प्रशम' असा पाठ घेतो, म्हणजे आषाढ सरण्याचा दिवस. 'थ' आणि 'श' या एका अक्षराने कालिदासदिन महिनाभर पुढे जावयाचा! वल्लभदेवाच्या बाजूने असे म्हणता येते की, काव्यात पुढे लगेच श्रावण जवळ आल्याचा उल्लेख आहे. मल्लिनाथास हा दुसरा पाठ ठाऊक होता. त्याने तो खोडून काढला आहे. कोणाचे खरे हा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु ज्या आवृत्तीत तळाशी काहीच नसते, तिच्या वाचकास असा वाद आहे याचा पत्ताही लागत नाही. श्लोकांच्या संख्येचेही तेच. वल्लभदेवाजवळ १११ श्लोक आहेत. जिनसेनाने आपल्या पार्श्वाभ्युदयात सबंध मेघदूत गुंफून टाकले आहे, त्यात ते १२० भरतात. काशिनाथ बापूजी पाठकांनी जिनसेनाच्या आधारे पुण्याहून १८९४ साली मेघदूत काढले, आणि हुल्ट्श यांनी वल्लभदेवाची टीका १९११ साली लंडनास छापविली. ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचण्यात जी मौज आहे ती एकट्या कोणत्याही नव्या प्रतीत नाही.

विद्यार्थ्यांसाठी केलेल्या आवृत्त्यांस आम्ही नावे ठेवतो असे मात्र कोणी समजू नये. मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्या पुस्तकांवर पिढ्यान्पिढ्या परीक्षा उतरून गेल्या, आम्हीही त्यांतलेच. निर्णयसागराच्या टायपाइतका डोळ्यांस गोड वाटणारा देवनागरी टाईप आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही. प्रत्येक पुस्तक कशासाठी केले आहे हे ओळखून घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे. कुमारसंभवाची जुनी प्रत दिसली की प्रथम सर्ग मोजावेत: मल्लिनाथाची टीका आठ सर्गांपर्यंतच आहे, पुढचे नऊ सर्ग कालिदासाचे नव्हेत असे बहुतेक विद्वान मानतात, आणि काही शालेय प्रतींत आठवाही सर्ग सापडत नाही. तो का गाळला असेल हे ज्यांनी वाचला आहे त्यांस सांगावयास नको; ज्यांनी वाचला नाही त्यांनी वडील मंडळींस विचारू नये.

शोधाची सुरुवात आम्ही पुण्यास अप्पा बळवंत चौकापासून केली. तेथे क्रमिक पुस्तके रगड मिळाली. मुंबईस फोर्टात पदपथावरील ढिगांत दोन दिवस घालविले. रघुवंश मिळाला नाही, परंतु एक व्हर्जिल हाती आला. आम्हांस लॅटिन येत नाही. मुंबई विद्यापीठात एके काळी संस्कृताच्या जागी लॅटिन घेण्याची मुभा होती, तेव्हा असल्याच कोणा विद्यार्थ्याचे ते पुस्तक असावे. पान उघडले, आणि मजकुराचे एक अक्षर कळत नसताही पानाचा तळ ओळखीचा वाटला! तीच बारीक टायपातील ओळ, तीच एकेका पोथीस दिलेली अक्षरे, तेच पाठभेद. लाइपझिगच्या टॉयब्नर प्रकाशनाने आणि पुढे ऑक्सफर्डने लॅटिन कवी असेच छापले. पंडितांनी रघुवंशासाठी जी रीत धरली ती याच कुळातली. कॅटलस नावाच्या त्यांच्या कवीची गोष्ट आम्ही पूर्वी वाचली होती: त्याची जवळजवळ सर्व कविता व्हेरोना येथे १३०० च्या सुमारास सापडलेल्या एका पोथीच्या आधारे जगली, आणि ती पोथीही पुढे नाहीशी झाली, राहिल्या त्या तिच्यावरून केलेल्या नकला. कालिदासाची अडचण याच्या नेमकी उलट आहे. त्याच्या पोथ्या काश्मीरपासून मलबारापर्यंत आहेत, आणि प्रत्येक प्रांताने त्याला आपल्या परीने सुधारून घेतले आहे. तो व्हर्जिल आम्ही जेथल्या तेथे ठेवला, आणि नंतर हळहळलो.

तिसरा भाग अखेर एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे निघाला. त्याने मोबाइलवर मुखपृष्ठाचे छायाचित्र धाडले. सुटा भाग इतर कोणास नको असतो. ज्याचा जोड अपुरा आहे त्यालाच तो सोन्याचा. म्हणून आपल्याकडे पहिला भाग आहे हे विक्रेत्यास चुकूनही कळू देऊ नये. आम्ही ते पहिल्याच वाक्यात सांगून बसलो. सातशे रुपये पडले.

पुस्तक आले. कापडी पुठ्ठा नवा होता. बांधणाऱ्याने कडा कातरताना समास बोटभर कमी केला होता, त्यामुळे कोणा जुन्या वाचकाच्या टिपणांची अर्धीअर्धी अक्षरे तेवढी राहिली होती. कसरीची भोके होती, पण ती अक्षरांस सोडून. एकंदरीत आम्ही संतुष्ट झालो आणि रोज रात्री जेवणानंतर थोडे थोडे वाचू लागलो. आमचे कॉलेजातील वाचन सीतात्यागाच्या चौदाव्या सर्गापाशी संपले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. एकोणिसाव्या सर्गात रघूच्या कुळातला अग्निवर्ण विलासात बुडतो, क्षयाने झिजतो आणि मरतो. मंत्री त्याचे मरण लपवितात आणि रोगशांतीच्या मिषाने राजवाड्याच्या उपवनातच त्याला गुपचूप अग्नी देतात. आमची प्रत तेथे संपली. दिलीपापासून चालत आलेल्या वंशाचा असा शेवट! कवीचे धाडस पाहून आम्ही थक्क झालो आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंक्तीत त्यावर बरेच बोललो.

सूनबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी इंटरनेट आर्काइव्हवरून सबंध रघुवंश उतरवून घेतला आणि आमच्या पुढ्यात ठेवला. सर्गात ५७ श्लोक. आमच्या प्रतीत ५४. मधले एक पान गळाले होते. राहिलेल्या तीन श्लोकांत अग्निवर्णाची गर्भवती राणी राज्यावर येते. शोकाने तिच्या डोळ्यांतून वाहिलेल्या ऊन अश्रूंनी तापलेला गर्भ सोन्याच्या कलशातील अभिषेकजलाने निवतो, आणि प्रजा त्या जन्माकडे डोळे लावून बसते. काव्य येथेही अचानकच थांबते, म्हणून तर पान गेल्याचे आमच्या ध्यानी आले नाही. पण राखेपाशी थांबणे आणि पोटातल्या बाळापाशी थांबणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि आम्ही पंक्तीत जे काही बोललो ते सगळे फुकट गेले.

तेव्हा सूनबाईंची रीत आम्ही सर्वांस सांगतो. पैसे देण्यापूर्वी त्या आवृत्तीची छायाप्रत इंटरनेटवर आहे का ते पाहावे, असल्यास तिची पाने मोजावीत, आणि विक्रेत्याकडून मुखपृष्ठाचे नव्हे तर शीर्षकपानाचे, प्रस्तावनेच्या पहिल्या पानाचे आणि मजकुराच्या अगदी शेवटच्या पानाचे छायाचित्र मागवावे. प्रस्तावना बहुधा पहिल्या भागात असते आणि पुन्हा बांधताना प्रथम तीच गळते. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, त्यावरून मधला फर्मा गेला आहे का ते कळते. छायाप्रतीवरही सर्वस्वी विसंबू नये. छायाचित्रे घेणाऱ्याचे हात घाईचे असतात आणि दोन पाने एकदम उलटली जातात. मग छायाप्रतच घरात ठेवावी, पुस्तक कशाला? धाकट्यांचा हा प्रश्न आम्ही ऐकला आहे. त्यांना पहिल्या भागातल्या पेन्सिलीच्या खुणा दाखविल्या.

भडगावाहून चाळीसगावाकडे गेले म्हणजे पाटणचे जुने देवालय लागते. तेथील शिलालेख भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. १२०७ च्या सुमारास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ घातला, असे त्यात लिहिले आहे. आम्हीही नातूच.

गळालेले पान सूनबाईंनी छापून त्याच मापाचे कातरले आणि तिसऱ्या भागात चिकटविले. राहिला दुसरा. नाशकास चुलत बंधूंस पत्र लिहिले की, दादा, आपल्याकडील दुसरा भाग पाठवाल तर आजोबांचा रघुवंश पुन्हा एका ठिकाणी होईल. आठ दिवसांनी उत्तर आले. त्यांनी लिहिले आहे: 'दुसरा भाग माझ्या कपाटात सुखरूप आहे. तो मी वाचलेला नाही, पण वडिलांच्या वाट्याचा म्हणून देववत नाही. जोड पुरा व्हावा असे तुम्हांस खरोखरच वाटत असेल, तर पहिला आणि तिसरा इकडे पाठवावेत.'

घरात या पत्रावर दोन तट पडले आहेत. पहिला आणि तिसरा भाग आम्ही एका बासनात बांधून ठेवले आहेत, आणि नाशकास कोण जाणार आहे याची चौकशी चालू आहे.