घरी परतलेल्या खेळाडूचं वर्ष वाया का?

उमरखेडच्या पुढे पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो आणि विद्यापीठही बदलतं. वणीच्या पोरांचंही तेच, वर्धा नदीपलीकडे गोंडवाना विद्यापीठ. समजा, नांदेडला शिकणारी, विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेली मुलगी वडील गेल्यावर वर्षाच्या मधातच उमरखेडला परतली. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमानुसार एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं. म्हणजे अमरावती विद्यापीठाचा संघ तिला त्या वर्षी बंद.

नियम नसला तर खेळाडूंची पळवापळवी होईल, हे खरं. पण वावर सांभाळायला आलेल्या पोरीला कोणी पळवलं? सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण प्रमाणपत्र मागतं. घरची अडचण विचारत नाही.

सवलत द्या म्हणणं सोपं, ती ठरवणार कोण? शेतकरी आत्महत्यांची प्रकरणं 'पात्र-अपात्र' होताना यवतमाळने पाहिलीत. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, यावर १ लाखाची मदत अडते. अमेरिकेत कॉलेज खेळ चालवणारी एनसीएए दुसऱ्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला वर्षभर बसवायची, अडचण पटली तरच सूट. प्रकरण कोर्टात गेलं. २०२४ मध्ये अभ्यासात पात्र असणाऱ्यांसाठी ती अटच गेली.

इथे तेवढं नको, पण समितीही नको. आई-वडिलांच्या मृत्यूचा किंवा गंभीर आजाराचा सरकारी दाखला आणि नव्या कॉलेजचा पक्का प्रवेश, एवढ्यावर परवानगी मिळावी. त्या वर्षी आधी खेळलेली स्पर्धा तेवढी वगळावी.