बरोबरची चूक

जुन्या डॉसनं माणसाला शिस्त लावली, असं छातीठोक सांगणारे गृहस्थ मला अजून भेटतात. अशांना मी चहा पाजत नाही.

ज्यांनी ते राज्य पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉसमध्ये 'एन्व्हायरन्मेंट' नावाची एक पाटी असे. 'सेट' लिहायचं, एक नाव लिहायचं, बरोबरचं चिन्ह घालून पुढे मजकूर. प्रत्येक प्रोग्रॅम कामाला लागताना ही पाटी वाचून फायली कुठं आहेत ते बघणार. ३.३ आवृत्तीत ही पाटी मुळात अवघी १६० बाइटांची. भरली की 'आउट ऑफ एन्व्हायरन्मेंट स्पेस' म्हणून ओरडायची. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जागा नाही असं तोंडावर सांगणारा घरमालक परवडला. शिवाय कॉन्फिग डॉट सिस या फायलीत एक ओळ घालून पाटी वाढवताही येई.

तक्रार आहे ती मुकाट्यानं घात करण्याबद्दल.

१९८९ साली आमच्या कचेरीत पगाराचा प्रोग्रॅम आला. ऑटोएक्झेक डॉट बॅटमध्ये मी स्वहस्ते ओळ लिहिली : सेट डेटा, बरोबर, आणि पुढे पगाराच्या डिरेक्टरीचा पत्ता. बरोबरच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा सोडली. शाळेतल्या गणिताच्या बाईंची शिकवण! पण डॉसच्या लेखी ती जागासुद्धा नावाचाच भाग. 'डेटा' राहिला बाजूला, आणि शेपटीला मोकळी जागा असलेली निराळीच व्यक्ती जन्माला आली. मशीन हूं की चूं करीना. नुसतं 'सेट' लिहून यादी मागवली, तर ती ओळ इतकी टापटीप दिसे की बाईंनी दहापैकी दहा दिले असते.

प्रोग्रॅमला डेटा सापडेना. त्यानं आपल्या नव्या, कोऱ्या फायली उघडल्या आणि सबंध कचेरीचा पगार शून्य छापला. साहेबांनी ऑपरेटर मुलाला सगळ्यांदेखत झापलं, "डेटा पुसलास तू!" पोरगा हंगामी, बोलतो काय? दोन रात्री जागून त्यानं मस्टरवरून आकडे पुन्हा भरले.

याला शिस्त म्हणायचं? अहो, युनिक्सच्या बोर्न शेलमध्ये हीच जागा सोडून बघा. 'नॉट फाउंड' म्हणून तिथल्या तिथं खेकसतं. म्हणजे बोलणं अशक्य नव्हतं! आणि विंडोजच्या काळ्या खिडकीत आजही 'सेट' ती जागा निमूटपणे गिळतो. मास्तरांनी छडी मारावी, जरूर मारावी. पण कशाबद्दल ते सांगून मारावी. आणि जमल्यास ज्यानं चूक केली त्यालाच मारावी.

तिसऱ्या दिवशी मला ती जागा दिसली. पुसली, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि जुने आकडे जिथल्या तिथं सुखरूप! साहेबांना मी "मशीनचा दोष होता" एवढंच सांगितलं. कोणी केला, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात तो पोरगा कचेरीत दिसला नाही.

शिस्तीचं म्हणाल, तर गप्प बसण्याची तेवढी मी डॉसकडून पुरती शिकलो.