अर्ध्या दिवसाची सहल, पण हिशेब पुरा

वर्धा जिल्ह्यातील नाचणगावाला समुद्र नाही आणि सह्याद्रीही नाही. पुलगावला लागून असलेले हे गाव वर्धा नदीच्या खोऱ्यात, कापसाच्या काळ्या जमिनीवर वसलेले आहे. येथील व्यापारी कुटुंबांचा मुंबईशी संबंध येतो तो बहुधा खरेदीच्या निमित्ताने. पुलगाव स्थानकावर गाडी धरावी, सुमारे सातशे किलोमीटरचा प्रवास करून मुंबईत उतरावे, मंगलदास मार्केटमध्ये दोन दिवस ताग्यांवर हात फिरवावा आणि परतीची वाट धरावी, असा हा ठरलेला क्रम असतो. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत मुलेबाळे बरोबर असली की मात्र त्यांची मागणी निराळी असते. त्यांना समुद्र पाहायचा असतो आणि वाळूवर घोड्यावर बसायचे असते. अशा कुटुंबाच्या हाती एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ असेल, तर अलिबागइतके सोयीचे ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल.

गेटवे ऑफ इंडियाहून सुटणारी बोट तासाभरात मांडव्याला पोहोचते आणि तेथून अलिबाग सुमारे वीस किलोमीटरवर आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारगाडीसह जाता येईल अशी मोठी रो-रो बोटही सुरू झाली आहे. पावसाळ्यात गेटवेकडील लहान बोटी बंद असतात. म्हणून कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. आदल्या संध्याकाळी अलिबागला मुक्कामास पोहोचावे आणि सहलीसाठी पहाटेपासून मध्यान्हापर्यंतचा अर्धा दिवस राखून ठेवावा.

दिवस निवडताना मात्र रविवार पाहण्याऐवजी तिथी पाहावी. अलिबागच्या किनाऱ्यासमोर, एक ते दोन किलोमीटरवर, समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. पूर्ण ओहोटीला तेथपर्यंत चालत किंवा घोडागाडीतून जाता येते. भरती येताच वाट पाण्याखाली जाते. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीच्या अंकाला पाऊण पटीने गुणावे, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास, आणि ओहोटी तिच्या सहा तास आधी म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. द्वितीयेला हीच ओहोटी साडेसातला, तर तृतीयेला सव्वाआठला येते. हे गणित दोन्ही पक्षांत चालते. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या घरात पंचांग भिंतीवर असतेच, त्यामुळे हा हिशेब जैन गृहिणीला एखाद्या कोळ्याइतकाच सहज जमावा. अष्टमीच्या आसपास मात्र समुद्र भांगाचा असतो. त्या दिवसांत पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही, म्हणून किल्ल्याची वाट पुरती उघडी पडत नाही. सकाळच्या सहलीला द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम होत. हा अंदाज अर्ध्या तासाने चुकू शकतो. नेमकी वेळ किनाऱ्यावर विचारून घ्यावी आणि पाणी चढू लागण्यापूर्वी परत फिरावे.

सकाळी साडेसहा-सातला किनाऱ्यावर गेले म्हणजे सूर्य पाठीमागे, डोंगरांच्या मागून वर येत असतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचे काम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे हे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी संयुक्तपणे केलेला हल्ला येथेच फसला. १७२९ मध्ये निधन पावलेल्या कान्होजींची समाधी अलिबाग गावात आहे. किल्ल्यात सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, आणि चहूकडे खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. तटावर उभे राहून पूर्वेकडे तोंड केले की नारळी-पोफळीच्या रांगेवर सागरगडाची आणि कनकेश्वराची डोंगररांग दिसते. पाठीशी समुद्र आणि समोर डोंगर असे दोन्ही एकाच जागी उभे राहून पाहता येते. विदर्भाच्या सपाटीत वाढलेल्या मुलांना हे दृश्य दीर्घकाळ आठवेल.

ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी किल्ल्यावरून परतल्यावर मापगावला जावे. तेथून सुमारे सातशे पायऱ्या चढून कनकेश्वराच्या डोंगरावर जाता येते. मुक्तागिरीच्या पायऱ्या चढलेल्या मंडळींना हा चढ नवा वाटणार नाही. मध्यान्हापर्यंत खाली उतरून, बरोबर नेलेल्या दशम्या-खाकऱ्यांवर भोजन उरकले की दुपारची बोट मिळते आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण मुंबईत निवांत होते.

येथवर सर्व सोयीचे आहे. या सहलीचा खरा प्रश्न उभा राहतो तो किनाऱ्यावर, घोडेवाल्यासमोर.

पाठीवर रंगीत झूल घातलेला घोडा समोर येतो आणि भाव ठरू लागतो. व्यापारी घरातील माणसाची जीभ तेथे सवयीने चालते. घोडेवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याने सुरुवात होते आणि दोघांच्या मधोमध कोठेतरी सौदा तुटतो. कापडाच्या बाजारात ही रीत योग्यच आहे. तेथे दोन्ही बाजूंना हिशेब कळतो, आणि न विकलेला तागा फडताळात पडून राहिला तरी त्याला चारा लागत नाही. घोड्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला रोज शरीराच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा लागतो. तीनशे किलोच्या तट्टाला म्हणजे सहा किलो. वीस-पंचवीस लिटर पाणी लागते, उन्हात याहून अधिक. नाल बदलावी लागते, खरारा करावा लागतो. गिऱ्हाईक मात्र शनिवार-रविवारी आणि सुट्टीतच येते, आणि पावसाळ्याचे चार महिने किनारा जवळजवळ ओस असतो. खर्च बाराही महिन्यांचा आणि मिळकत मोजक्या दिवसांची, असा हा धंदा आहे. सुट्टीच्या दिवशी भाव पाडला की घोडेवाल्यापुढे दोनच मार्ग उरतात: फेऱ्या वाढवाव्यात किंवा चारा कमी करावा. गिऱ्हाइकाने वाचविलेले पन्नास रुपये घोडेवाल्याच्या खिशातून जातात असे वरवर दिसते, परंतु पुष्कळदा ते घोड्याच्या तोबऱ्यातून जातात.

जैन श्रावकाला हा विचार परका नाही. घोडा हा पंचेंद्रिय जीव, आणि तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछनही घोडाच. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते पाहिले तर जणू पाळीव जनावराच्या मालकाला आणि ते वापरणाऱ्याला समोर ठेवूनच सांगितले असावेत असे वाटते. जखडून ठेवणे, मारणे, अवयवाला इजा करणे, शक्तीहून अधिक भार लादणे आणि वेळेवर अन्नपाणी न देणे हे ते पाच दोष. यांपैकी शेवटचे दोन किनाऱ्यावर सर्वांच्या डोळ्यांदेखत घडतात. जीवदयेच्या पेटीत आणि पांजरापोळाच्या वर्गणीत सढळ हाताने देणारे कुटुंब त्याच वर्षी किनाऱ्यावर एका फेरीत दोन मुलांना एका तट्टावर बसविण्यासाठी हुज्जत घालत असेल, तर जमेची आणि खर्चाची बाजू जुळत नाही. पांजरापोळात येणारे थकलेले जनावर एका दिवसात थकलेले नसते.

भार किती असावा, याचाही अंदाज आहे. घोड्याने पाठीवर आपल्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे वाहू नये, असा संकेत घोडे पाळणाऱ्या जगात रूढ आहे, आणि त्या ओझ्यात खोगीरही मोजले जाते. तीनशे किलोच्या तट्टाला हा हिशेब साठ किलोंचा होतो. खोगिराचे आठ-दहा किलो वजा केले तर बसणाऱ्यासाठी पन्नास उरतात. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलाने खुशाल बसावे; पंचाहत्तर किलोंच्या वडिलांनी छायाचित्रापुरतेही बसू नये. आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने जातो. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावरावर अतिभार घालणे, त्याला प्रमाणाबाहेर पळविणे किंवा जखमी, आजारी जनावराला कामाला जुंपणे हा गुन्हा ठरविला आहे. १९६५ च्या नियमांनी तट्टाच्या पाठीवरील ओझ्याला सत्तर किलोंची मर्यादा घातली. ओढीच्या आणि ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक राबवू नये, तसेच तापमान सदतीस अंशांच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात काम देऊ नये, असेही त्यांत सांगितले आहे. परंतु पहिल्या गुन्ह्याला या कायद्यातील दंड दहा ते पन्नास रुपयांचा. घोड्याच्या एका फेरीहूनही तो कमी. एवढ्या दंडाने कोणाचा हात आवरला जाणार? तो आवरायचा तर गिऱ्हाइकानेच.

मग घोड्यावर बसणेच सोडून द्यावे काय? तसा विचार करणारेही आहेत, आणि तो अनादराने टाकून देण्याजोगा नाही. मुंबईच्या रस्त्यांवरील व्हिक्टोरिया घोडागाड्या जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या आणि त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. ज्यांना व्रताच्या दृष्टीने सवारी नकोच वाटते, त्यांना ओहोटीच्या वेळी किल्ल्यापर्यंत पायी जाता येते, आणि तेही तितकेच रम्य आहे. परंतु ज्या किनाऱ्यावर घोडा आहे आणि त्याच्यावर एका घराची चूल अवलंबून आहे, तेथे सर्वांनी पाठ फिरविल्याने त्या घोड्याचा चारा वाढत नाही. बसायचे असेल तर जाणतेपणाने बसावे, हा मध्यममार्ग गृहस्थाला शोभणारा आहे.

जाणतेपणाच्या गोष्टी मोजक्याच आहेत. ठरविण्यापूर्वी घोड्याभोवती एक फेरी मारावी. खोगिराखाली किंवा तंगाजवळ जखम आहे काय, चालताना तो लंगडतो काय, बरगड्या मोजता येतात काय, लगामाच्या कडीने तोंड सोलले आहे काय, हे पाहावे. यांतील एकही खूण दिसली तर सवारी घेऊ नये आणि न घेण्याचे कारण घोडेवाल्याला सौम्य शब्दांत सांगावे. गिऱ्हाईक का गेले हे कळल्यावाचून कोणताही दुकानदार माल सुधारीत नाही. सकाळच्या गारव्यातच बसावे. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततात आणि घोड्याच्या शिरांवर ताण येतो, म्हणून पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवरून फेरी घ्यावी. एका घोड्यावर एकच मूल बसवावे, लगाम घोडेवाल्याच्या हाती असावा आणि रिकिबीत पायाचा केवळ पुढचा भाग ठेवावा, म्हणजे मूल पडले तरी पाय अडकत नाही. दौड मागू नये. घोडागाडीत जेवढी माणसे बसण्याची रीत असेल त्याहून एक कमीच बसावे. घोड्याला काही खाऊ घालायचे असेल तर मालकाला विचारून हिरव्या चाऱ्याची पेंढी घ्यावी. पेढे-बिस्किटांनी त्याच्या पोटात कळ उठते. आणि भाव एकदाच, सवारीपूर्वी विचारावा, पटला तर घ्यावा, आणि ठरला तो पुरता द्यावा.

नाचणगावच्या मुलांना हे शिकविण्यास नवे धडे लागत नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकताना त्यांनी पाहिलेले असते. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून ती स्वतः मिरविलेली असतात. वर्षभर ज्याच्या खांद्यावर जू असते, त्याला एक दिवस तरी विसावा आणि पुरणाचा घास मिळाला पाहिजे, ही विदर्भाची शिकवण त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. तीच नजर किनाऱ्यावरच्या घोड्याकडे वळवायची आहे. बैलाचा खांदा आणि घोड्याची पाठ यांत फरक एवढाच, की बैल आपल्या गावचा असतो आणि घोडा परगावचा.

मुले किनाऱ्यावर डोंगर पाहतात, समुद्र पाहतात आणि त्याच वेळी वडील घोडेवाल्याशी कसे बोलतात हेही पाहतात. दुकानाच्या गादीवर उद्या तीच बसणार आहेत. कोणता भाव पाडावा आणि कोणता पाडू नये, हे ज्याला कळले त्यालाच व्यापार कळला, असे जुनी माणसे मानीत. अलिबागच्या सहलीच्या अंदाजपत्रकात बोटीचे भाडे, मुक्काम आणि भोजन यांच्या खाली घोड्याच्या फेरीची पूर्ण रक्कम निघण्यापूर्वीच लिहून ठेवावी आणि तिच्यात कपात करू नये. थोडी ओढाताण वाटलीच, तर मंगलदास मार्केटमध्ये एका ताग्यामागे ती सहज भरून काढता येते. तेथे समोरचा माणूस आपल्या बाजूने बोलू शकतो.