स्पेनचा धडा आणि धडगाव

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की युरोपातील सागरतीरांच्या सहलींच्या जाहिराती वृत्तपत्रांतून झळकू लागतात. त्यांत स्पेनचा मान मोठा. बार्सेलोना, सेव्हिल, ग्रनाडा, व्हॅलेन्सिया, मायोर्का अशी ‘पाहिलीच पाहिजेत’ म्हणून सांगितलेल्या स्थळांची यादी त्यासोबत असते. ज्यांना परवडते त्यांनी ग्रनाडाचा अल्हाम्ब्रा राजवाडा जरूर पाहावा. परंतु अशा याद्या स्थळांची नावे सांगतात. त्या स्थळी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांचे काय झाले, हे सांगत नाहीत. सातपुड्यातील धडगाव परिसराला पर्यटनाच्या नकाशावर आणण्याची भाषा बोलली जात असताना नेमके तेच समजून घेणे अगत्याचे आहे.

स्पेनमध्ये २०२४ साली सुमारे ९ कोटी ३८ लाख परदेशी प्रवासी आले. देशाची स्वतःची लोकसंख्या ५ कोटींच्याही आत आहे. बेनिदोर्मसारख्या कोळ्यांच्या लहानशा गावाच्या जागी गेल्या सत्तर वर्षांत गगनचुंबी हॉटेलांची नगरी उभी राहिली. त्यातून रोजगार आणि परकीय चलन मिळाले, हे निर्विवाद. पण घरे प्रवाशांना भाड्याने देणे अधिक किफायतशीर ठरताच सामान्य नोकरदाराला आपल्याच शहरात घर परवडेनासे झाले. जुलै २०२४ मध्ये बार्सेलोनाच्या रस्त्यांवर हजारो नागरिक उतरले. काहींनी उपाहारगृहांत बसलेल्या प्रवाशांवर पाण्याच्या पिचकाऱ्याही मारल्या. प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या सुमारे १० हजार सदनिकांचे परवाने २०२८ अखेर संपुष्टात आणण्याचे त्या शहराने त्याआधीच जाहीर केले होते. पर्यटनाचे तंत्र ज्या देशाने जगाला दाखविले, त्यालाच आज पाहुण्यांची संख्या आवरण्याची चिंता पडावी, यातील बोध उघड आहे.

धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्यालय. यादी करावयाचीच तर येथेही नावांची वाण नाही. सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवरील तोरणमाळ, तेथील यशवंत तलाव आणि सीताखाई. दिवाळीच्या सुमारास भाविक पायी चढतात तो अस्तंब्याचा डोंगर. बिलगावचा बारामुखी धबधबा. होळीपूर्वीचा भोंगऱ्या बाजार. आणि उत्तरेला नर्मदेचा विस्तीर्ण जलाशय. समुद्र नसला तरी किनारा मात्र आहे.

तथापि हा किनारा निसर्गाने दिलेला नाही. तो सरदार सरोवराने निर्माण केला आहे. महाराष्ट्रातील ३३ गावे या प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आली आणि त्यांतील २४ अक्राणी तालुक्यातील होती. लवादाचा निवाडा १९७९ साली झाला. त्यानंतर पुनर्वसनासाठी येथील भिल्ल आणि पावरा कुटुंबांना कित्येक वर्षे झगडावे लागले. बिलगावच्या ग्रामस्थांनी धबधब्याच्या पाण्यावर श्रमदानातून लहानसे वीजकेंद्र उभारले आणि २००३ साली गावात दिवे लागले. २००६ साली तेही धरणाच्या चढत्या पाण्यात गेले. ज्या पाण्यापायी या लोकांनी एवढे गमावले, त्याच पाण्याच्या काठी उद्या दुसऱ्या कोणाची विश्रामगृहे उभी राहिली, तर त्यास विकास म्हणावयाचे काय?

याचा अर्थ पर्यटन नको, असा नव्हे. ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी दरवर्षी गाव सोडणाऱ्या माणसाला दारातच काम मिळत असेल, तर त्याला विरोध करणे हा पोटभर जेवलेल्याचा शहाजोगपणा ठरेल. प्रश्न आहे तो अटींचा. हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेच्या हाती अधिकार दिले आहेत. ते कागदावरून जमिनीवर उतरले पाहिजेत. मुक्काम गावकऱ्यांच्या घरी, नाव गावकऱ्यांच्या मालकीची, वाटाड्या गावचा, आणि धडगावच्या आमचुराला योग्य भाव, असा हिशेब असावा. पाहुण्यांसाठी रस्ता होण्याआधी पाड्यावरच्या रुग्णासाठी तो व्हावा. नर्मदाकाठच्या ज्या गावांना तरंगत्या दवाखान्याची वाट पाहावी लागते, त्यांच्या डोळ्यांसमोरून केवळ सहलीच्या नौका जाव्यात, हे शोभणारे नाही. होळी हा येथील लोकांचा श्रद्धेचा सण आहे. पाहुण्यांच्या सोयीने त्याचा वार आणि वेळ ठरू नये.

स्पेनला हे शहाणपण फार उशिरा सुचले. धडगावला ते आधीच वापरण्याची संधी आहे. प्रेक्षणीय स्थळांची यादी मुंबईत बसून कोणीही करावी. त्या यादीत काय घालावयाचे नाही, हे मात्र अक्राणीच्या ग्रामसभांनीच ठरवावे. पाहुणा कितीही मोठा असला, तरी घराची किल्ली यजमानाच्याच कमरेला असली पाहिजे.