ऑपरेशन मुलाचं, मग आई दाराबाहेर का?

बरीच वर्षं झाली. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होतो. धडगावकडच्या एका पाड्यावरून हर्नियाच्या ऑपरेशनसाठी चार वर्षांचा मुलगा आला होता. ऑपरेशन थिएटरच्या दारात त्याला आईच्या कडेवरून ओढून घेतलं. सिस्टर मराठीत समजावत होत्या, पण मुलाला फक्त पावरी समजत होती. ऑपरेशन उत्तम झालं. शुद्धीवर आल्यावर मात्र अनोळखी चेहरे बघून तो किंचाळला, सलाईन उपसून काढली, आणि दोघांनी त्याचे हातपाय दाबून धरले. आई त्या वेळी बाहेर व्हरांड्यात, भिंतीपलीकडे बसलेली होती. तिला आत बोलवावं हे कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

टाके दाखवायला आली तेव्हा ती म्हणाली, जखम बरी आहे, पण पोरगा पुन्हा अंथरुणात लघवी करायला लागलाय आणि मला नजरेआड होऊ देत नाही. आमच्या कागदावर ‘प्रकृती समाधानकारक’ असं लिहिलेलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. लहान मुलाला भूल चढेपर्यंत आणि शुद्धीवर येताना, त्याची भाषा बोलणारं घरचं एक माणूस जवळ असायला हवं. ही मेहेरबानी नव्हे, शुश्रूषेचा भाग आहे. सलाईनइतकाच.

हा विचार नवा नाही. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले दिवस चित्रपटात टिपले. ‘शांत’ दिसणारं मूल खरं तर आशा सोडून गप्प झालेलं असतं, हे त्यात दिसलं. बऱ्याच डॉक्टरांना तो आवडला नाही. पण १९५९ च्या सरकारी प्लॅट अहवालाने आईवडिलांना मुलाजवळ येऊ द्या, अशी शिफारस केली. आपल्याकडे मात्र अजून ‘आत कोणी थांबू नका’ ऐकू येतं.

सगळ्या मुलांना एकच नियम लावताही येत नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ प्रेमाने घेतलेल्या कोणाच्याही कुशीत बहुधा शांत होतं. त्याला ऊब लागते, आईचं दूध लागतं. वेदना मात्र त्यालाही होतात. ‘एवढ्याशा जीवाला काय कळतंय’ असं एकेकाळी डॉक्टरही मानत. इंदूरला शिकलेले डॉ. कन्वलजीत आनंद यांनी १९८७ साली ऑक्सफर्डमधून दाखवून दिलं, की वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत दोन्ही कमी होतात.

सगळ्यात अवघड वय साधारण आठ महिने ते तीन वर्षं. आई कोण हे पक्कं कळतं, पण ‘आई दहा मिनिटांत येते’ हे कळत नाही. नजरेआड झाली म्हणजे गेलीच. या वयात समजावून उपयोग नाही. माणूसच लागतं, आणि त्याचं नेहमीचं फडकं किंवा गोधडी. गोधडी मळकी आहे म्हणून वॉर्डाबाहेर ठेवायला लावू नये. धुऊन आणायला सांगावं.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत मला पालकांशी भांडायचं आहे. ‘मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे आपण घरोघरी म्हणतो ना? मग खरंच सुई टोचली जाते तेव्हा मूल काय समजणार? आपण काहीतरी वाईट केलं, त्याची ही शिक्षा आहे. या वयाच्या मुलाला स्पष्ट सांगावं लागतं: तुझी काही चूक नाही. जखमेतून आपल्या आतलं सगळं बाहेर सांडेल अशीही भीती काहींना असते, म्हणून पट्टी सुटली की ती रडतात. नवी पट्टी लावायला सिस्टरला दोन मिनिटं लागतात. आणि ‘टोचणार नाही’ असं खोटं कधीच सांगू नका. ‘मुंगी चावल्यासारखं थोडं दुखेल, मी हात धरून बसतो’ म्हणा.

शाळेत जाणाऱ्या मुलाला माहिती हवी असते. मास्क हातात घेऊ द्या, ‘मध्येच जाग आली तर?’ या प्रश्नाला भूलतज्ज्ञांनाच उत्तर देऊ द्या. बारा-तेराच्या मुलीची पाळीची चौकशी वडिलांसमोर, पडदा उघडा ठेवून करू नये. सही पालकांची असली तरी शरीर तिचं आहे. तिला विचारा.

आता आपल्या जिल्ह्याच्या दोन गोष्टी. पहिली उपासाची. ‘सकाळपासून उपाशी ठेवा’ ही अर्धवट सूचना आहे. सातपुड्यातून पहाटे निघालेलं मूल रात्रीच्या भाकरीवर असतं, आणि नंबर दुपारी लागतो. सर्वसाधारण नियम असा: जेवण, वरचं दूध, पेज किंवा ताक सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या मुलाची नेमकी वेळ डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आणि ऑपरेशन लांबलं तर ‘आता पाणी देऊ का?’ असं विचारा. न विचारता मात्र घोटभरही देऊ नका.

दुसरी सिकलसेलची. भिल्ल, पावरा, मावची अशा आपल्या अनेक समाजांत हा आजार आहे. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबवतात आणि असह्य वेदना सुरू होतात. ऑपरेशनच्या दिवशी या तिन्ही गोष्टी एकत्र येऊ शकतात. म्हणून तपासणीचं कार्ड असेल तर पहिल्याच भेटीत दाखवा. तपासणी झालेली नसेल तर ऑपरेशनआधी करून घ्या. असं मूल पाण्याविना ताटकळू नये, उबदार पांघरुणात असावं. नंतर फुगा फुगवायला किंवा साबणाचे बुडबुडे काढायला लावणं हा खेळ नसून छातीचा व्यायाम आहे; किती करायचा ते डॉक्टर सांगतील.

यावर आक्षेप ठरलेले: जंतुसंसर्ग होईल, गर्दी होईल, सिस्टर आधीच कमी आहेत. तिसरा खरा आहे; एका सिस्टरवर पूर्ण वॉर्ड टाकून तिने गोष्टी सांगाव्यात अशी अपेक्षा करणं अन्याय आहे. पण म्हणूनच आई हवी. हात धुतलेली, स्वच्छ गाऊन घातलेली एक आई सिस्टरचं काम वाढवत नाही, निम्मं करते. मूल कुठल्या रडण्यात भुकेलं आहे आणि कुठल्या रडण्यात दुखतंय, हे तिला कळतं. गर्दीचा प्रश्न एका मुलामागे एकच माणूस या नियमाने सुटतो. कधी तातडीच्या ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ ‘आता नको’ म्हणतील, ते ऐकायचं. शुद्धीवर येताना मात्र बहुतेक वेळा काहीच अडचण नसते.

आणि भाषा. केसपेपरवर वय, वजन लिहितो तशी मुलाची बोली लिहायला काय हरकत आहे? भिली, पावरी, मावची, अहिराणी. वॉर्डातल्या मावशींपैकी कोणीतरी ती बोलणाऱ्या असतातच. ‘दुखस का?’ एवढं ऐकून अहिराणी घरातलं मूल मान वर करून बघतं, हे मी पाहिलं आहे.

ऑपरेशनची तारीख घ्यायला जाल तेव्हा तिथेच दोन प्रश्न विचारा: भूल देताना आमच्यापैकी एकाला आत थांबता येईल का, आणि जागं होताना बोलवाल का? नाही म्हणाले तर कारण विचारा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणार असाल तर तेही सांगा, म्हणजे टाके आणि पुढची तपासणी निघण्याआधी होईल अशी तारीख मिळेल.