परवाना आहे काय?

व्हीपीएन हा शब्द आतां आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्याहि तोंडीं बसला आहे. इंटरनेटवर आलेल्या मागणीच्या आंकडी पत्त्यावरून ती कोणत्या देशांतून आली हें कंपनीस कळतें. व्हीपीएन ती मागणी प्रथम परदेशांतील एका यंत्राकडे नेतो व तेथून पुढें पाठवितो. सबब कंपनीस त्या यंत्राचाच पत्ता दिसतो, आणि मिरजेस बसलेला मुलगा घटकाभर लंडनचा रहिवासी ठरतो!

या साधनासच दोष देणारांपैकीं मी नाहीं. कचेऱ्यांचीं कागदपत्रें सुरक्षितपणें नेण्याकरितां तें रोज वापरण्यांत येतें. देशोदेशींचीं कुंपणें तरी कोठें ईश्वरी आज्ञेनें उभीं राहिलीं आहेत? एकाच चित्रपटाचे हक्क निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या व्यापाऱ्यांस विकतां यावे, एवढेंच बहुधा त्यांचें मूळ.

परंतु बीबीसीच्या आयप्लेअरची गोष्ट निराळी आहे. ब्रिटनमधील कुटुंबें टेलिव्हिजनच्या परवान्याकरितां दरसाल फी भरतात व मुख्यतः तीवरच त्या संस्थेचा निर्वाह चालतो. फीचा दर लक्षाधीशास व मजुरास सारखाच. 1 सप्टेंबर 2016 पासून आयप्लेअरवरील बीबीसीचे कार्यक्रम पाहण्यासहि हा परवाना लागतो, आणि म्हणून कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीं पडद्यावर प्रश्न येतो: आपणापाशीं परवाना आहे काय? तेथें शिपाई नाहीं, शिक्का नाहीं. 'आहे' या शब्दावर बोट ठेवलें कीं दार उघडतें. पत्ता यंत्रानें बदलला असेल, परंतु हें उत्तर आपण स्वतः दिलेलें असतें. शपथेविषयीं प्रभूनें डोंगरावर जें सांगितलें तें केवळ न्यायासनापुढील साक्षीपुरतें होतें, असें मला वाटत नाहीं. (इंग्रजी उच्चार सुधारावे म्हणून पाहतों, असेंहि एक समर्थन ऐकिलें. उच्चार सुधारतील खरे!)

'आम्ही पैसे देण्यास तयार आहों, पण घेतो कोण?' हा आक्षेप मात्र खरा आहे. परवाना ब्रिटनमधील पत्त्यासच मिळतो. तरी दुकानदार माल विकीत नाहीं म्हणून तो उचलून नेण्याचा हक्क प्राप्त होत नाहीं. त्याच्याकडे मागणी करण्याचा होतो. 2011 सालीं बीबीसीनें पश्चिम यूरोपांतील 11 देशांत वर्गणी घेऊन आयप्लेअर दाखविण्यास आरंभ केला होता. 2015 मध्यें ती सोय बंद झाली. ती पुन्हां, आणि या खेपेस भारताकरितांहि, सुरू करावी असें पत्र आमच्या मुलांनीं अवश्य लिहावें. मसुदा तपासून देण्यास मी तयार आहें.